बिनमिरचीचं भरीत

नाशिकच्या बसस्थानकावर धुळ्याची लाल बस लागली, तेव्हा माझ्याकडे दोन पिशव्या, एक थर्मास, एक उशी आणि औषधांचा डबा होता. रूथच्या हातात काहीच नव्हतं. "मी माहेरी चाललेय," ती म्हणाली, "माहेरवाशीण ओझी उचलत नाही." खरं म्हणजे तिला आता पाण्याचा तांब्याही धड उचलवत नव्हता. पण हे ती अशा तोऱ्यात म्हणाली की रांगेतल्या एका बाईनं माझ्याकडे पाहून तोंडाला पदर लावला.

वाचकांना आधीच सांगून टाकतो. माझ्या बायकोला कर्करोग आहे. दिवाळीनंतर डॉक्टरांनी केमो थांबवली, फक्त दुखण्यावरची औषधं ठेवली आणि म्हणाले, "आता जे आवडतं ते करा." ऐकायला किती गोड वाक्य! लहान मुलाला सुट्टी लागल्यावर सांगावं तसं. दवाखान्याबाहेर आम्ही रिक्षाची वाट बघत उभे होतो. मी रिक्षावाल्यांवर चिडत होतो, कारण दुसऱ्या कोणावर चिडायची सोय नव्हती. रूथ म्हणाली, "मला नाताळला भुसावळला जायचंय. लाल बसनं, सावकाश, वाटेत थांबत. आणि तिथे कोणाला काही सांगायचं नाही. मला एक साधा नाताळ पाहिजे. लोक माझ्याकडे बघून आवाज खाली करतात तसला नको."

आमच्या घरी नाताळ म्हणजे लगीनघाई. मी शाळेत चित्रकला शिकवत असे, त्यामुळे चर्चमधल्या गव्हाणीचा देखावा माझ्या गळ्यात. मेंढ्यांना शेवटचा रंग देईपर्यंत मध्यरात्रीची उपासना सुरू व्हायची, आणि दर वर्षी कोणाच्या तरी नव्या कपड्यांना माझी ओली मेंढी लागायची. रूथ करंज्या, अनारसे, शेव यांच्या मागे. मग गाणाऱ्यांची मंडळी, पाहुणे, भेटी. गोठ्यात, गाईगुरांत, शांतपणे जन्मलेल्या बाळाचा वाढदिवस आम्ही एवढ्या धावपळीत का करतो, असं ती दर वर्षी विचारायची आणि पुढच्या घाण्याला लागायची. लग्न झाल्यापासून नाताळात ती कधी माहेरी गेली नाही.

माहेर म्हणजे आता नाना. रूथचे वडील रेल्वेत गार्ड होते, घर भुसावळच्या रेल्वे कॉलनीत. वरणगावच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातून एक शेतकरी कॉलनीत दूध घालायला येई आणि त्याच्या सायकलच्या दांडीवर त्याचा मुलगा बसलेला असे. तो मुलगा म्हणजे नाना. रूथ त्याला राखी बांधायची, तो तिला शेतातली केळी आणून द्यायचा. पुढे तिचा सख्खा भाऊ परदेशी गेला तो तिकडचाच झाला, आईवडील गेले, आणि दर राखीला नाना मात्र नाशिकला येत राहिले. नात्याला रक्त लागतंच असं नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पाहिलं ते यांच्यात.

चांदवडचा घाट चढताना रूथ खिडकीला उशी टेकून बसली. मालेगाव सुटल्यावर दोन्ही बाजूंना वेचणी झालेली कपाशी लागली. काळ्या मातीत करड्या काड्या आणि काड्यांना अडकलेला उरलासुरला कापूस. सुंदर म्हणावं असा तो देखावा नव्हता, पण तिला तो आवडला. "या काड्यांना आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात," ती म्हणाली. "भरीत यांच्यावरच भाजतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला आमच्यात भरीत म्हणत नाहीत, आजारी माणसाचं जेवण म्हणतात." मग ती आपल्याच बोलण्यावर हसली आणि मी ड्रायव्हरच्या डोक्यावरची पाटी वाचू लागलो. 'अति घाई संकटात नेई.' सावकाश जाणाऱ्यांना संकट सोडतं का, याबद्दल पाटीवर काही नव्हतं.

धुळ्याला संध्याकाळी पोचलो. हवेत चांगलाच गारठा होता. बसस्थानकाजवळच्या लॉजमध्ये काउंटरवर कानटोपीवाले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी रूथच्या डोक्याचा रुमाल पाहिला, तिचं भिंतीला हात लावत चालणं पाहिलं, आणि मला हळूच म्हणाले, "भाऊ, पेशंट असतील तर खालची खोली देतो. वर जिना आहे."

"पेशंट कोणी नाही," रूथ मागून म्हणाली. "वरची द्या. मला रस्ता दिसला पाहिजे."

तो जिना चढायला आम्हाला किती वेळ लागला ते सांगत नाही. प्रत्येक वळणावर ती थांबे आणि भिंतीवरचं कॅलेंडर, कोपऱ्यातली बादली, असं काहीतरी निरखून बघत असल्याचं सोंग करी. मीही बादली बघत असे. वर पोचल्यावर तिनं खिडकी उघडायला लावली. खाली एक माणूस गाडीवर शेंगदाणे भाजत होता, शेजारच्या दुकानात नाताळच्या लाल टोप्या टांगल्या होत्या, आणि दोन मुली टोप्या घालून एकमेकींचे फोटो काढत होत्या. रूथ खिडकीत कितीतरी वेळ बसली. मी शेंगदाण्यांची पुडी आणली. तिनं एक दाणा तोंडात धरून ठेवला, चावला नाही. केमोनं तिचं तोंड आतून सोललं होतं. मीठसुद्धा झोंबायचं. "वास बरोबर आहे," एवढंच ती म्हणाली.

सकाळी नवाच्या सुमारास भुसावळची बस धरली. पारोळा मागे पडलं, आणि एरंडोल यायच्या आत आमच्या बसनं हात टेकले. आधी धूर, मग खडखड, मग शांतता. कंडक्टर खाली उतरला, वर आला, पुन्हा उतरला. "मागची गाडी येईल तिच्यात बसवून देतो," म्हणाला. मागची कधी येईल हे त्यालाही माहीत नव्हतं. लोक ओरडू लागले. सर्वांत जास्त मी ओरडलो. औषधाची वेळ, ऊन, पाणी, सगळं मला एकदमच आठवलं.

"उतावळा नवरा," रूथ म्हणाली, "जरा खाली बसा की."

रस्त्याच्या कडेला निंबाखाली एक म्हातारी बाई डहाळाच्या (ओल्या हरभऱ्याच्या) जुड्या घेऊन बसली होती. तिनं आपल्या गोणपाटाचं अर्धं टोक रूथपुढे सरकवलं. धुळ्याकडची अहिराणी मला निम्मीच कळते, पण ही बाई इतकं सावकाश बोलत होती की बरंचसं कळलं.

"बाई, कथा जाई राह्यनात?" (कुठे चाललात?)

"भुसावळला. माहेरी."

"मंग कसानी घाई? माहेर काय पळी जाई राह्यनं का?" ती म्हणाली. मग बसभोवतीच्या गर्दीकडे हनुवटीनं दाखवून, "बठ्ठा लोके (सगळे लोक) बोंबली राह्यनात. तुम्ही एकल्याच हासी राह्यन्यात."

रूथनं तिच्या जुडीतला एक घाटा सोलला आणि हिरवा दाणा हातावर घेऊन बघत बसली. त्या बाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. रुमालाच्या कडेकडे, मनगटाकडे. "तब्येत बरी नही शे का?"

"बरी शे," रूथ म्हणाली, अगदी तिच्याच सुरात. बाईनं मान हलवली आणि अख्खी जुडी तिच्या मांडीवर ठेवली. पैसे देऊ लागलो तर म्हणाली, माहेरवाशिणीकडून कोणी घेतं का? आम्ही तिथे बराच वेळ बसून राहिलो. लांबच्या शेतात कोणी तरी ज्वारी राखत गोफण फिरवत होतं. ऊन उबदार होतं. रूथनं पाय पसरले, पाठ निंबाला टेकली आणि डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर दुखणं नव्हतं. प्रवासातला माझा सर्वांत सुखाचा वेळ कोणता असं विचाराल तर तो हा, बंद पडलेल्या बसचा. मागची गाडी आली तेव्हा मला वाईट वाटलं.

जळगाव सोडल्यावर केळीच्या बागा सुरू झाल्या. घडांना निळ्या पिशव्या बांधलेल्या, त्यामुळे सगळी बाग इस्पितळासारखी दिसते, असं माझ्या मनात आलं आणि मी ते मनातच ठेवलं. पुढे आकाशात दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या. रूथ ताठ बसली. "लहानपणी यांचा धूर दिसला की आम्ही बूट घालायला सुरुवात करायचो. भुसावळ आलं."

भुसावळच्या बसस्थानकात नाना जीप घेऊन उभे होते. डोक्यावर टोपी, अंगात स्वेटर, पायात रबरी चपला. त्यांनी रूथकडे पाहिलं आणि क्षणभर त्यांचा चेहरा पडला. पण लगेच सावरले.

"ताई, किती वायली तू!" (वाळलीस.) "नाशिकचं पानी लागत नही तुले."

"वय झालं, नाना. तुझ्या तरी डोक्यावर टोपीखाली काय उरलंय?"

तापीकाठची बोली धुळ्याहून वेगळी. इथे 'शे' जाऊन 'हाये' येतं, आणि 'ळ'चा 'य' होतो. रूथ जीपमध्ये बसली ती या बोलीतच बसली. नाशिकमध्ये इतकी वर्षं माझ्याशी बोललेली बाई कुठे गेली, मला कळेना.

नानांच्या पत्नीला सगळं गाव अक्का म्हणतं. त्यांनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि रूथला हाताला धरून आत नेलं. रात्री जेवायला वरण-बट्टी होती. तूप घालून बट्टी कुस्करली तर जमेल असं मी रूथला खुणेनं सुचवलं. तिनं अर्धी बट्टी वरणात भिजत ठेवली, गप्पा मारल्या, ताटात बोटं फिरवली, आणि "बसनं पोट ढवळलं" म्हणून ताट सारलं. नंतर ती मागच्या अंगणात चूळ भरायला गेली. अक्का तिच्यामागून पाणी घेऊन गेल्या.  परत आल्यावर त्यांनी आमच्या खोलीत एक वाटी थंड दूध आणून ठेवलं.

नाताळच्या आदल्या दिवशी रूथला कॉलनी बघायची होती. नानांनी आम्हाला तिथे सोडलं आणि गाडीतच थांबले. तिचं क्वार्टर सापडायला वेळ लागला, कारण त्या ओळीत आता कोणी राहत नव्हतं. दारांना फळ्या ठोकलेल्या, अंगणात काटेरी झुडपं, भिंतीवर पाडायच्या घरांना मारतात तसला लाल आकडा. तिच्या आईनं लावलेलं सीताफळ अजून उभं होतं, पण पार सुकून गेलं होतं. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "बरं झालं पाहिलं. नाहीतर मला वाटत राहिलं असतं की अजून आहे."

कबरस्तानात तिचे आईवडील शेजारी शेजारी आहेत. मी कबरींवरचा पालापाचोळा काढला. ती कट्ट्यावर बसली. वडिलांच्या पलीकडे थोडी मोकळी जागा होती, तिच्याकडे बघत राहिली, आणि मी तिच्याकडे. "नको," ती म्हणाली. "इथे नको. तुम्हाला नाशिकहून येणं फार लांब पडेल." मला इतका राग आला की मी पालापाचोळा पुन्हा दुसरीकडे नेऊन टाकला. 

नाताळच्या सकाळी चर्चमध्ये मोजकीच माणसं होती. बरीचशी बाकडी रिकामी, पेटी जरा बेसूर, पण गाणी तीच. रूथ बसूनच गायली. आवाज फुटत नव्हता, तरी तिनं एकही कडवं सोडलं नाही. बाहेर आल्यावर लोकांनी तिला ओळखलं, हात धरले, "गार्डसाहेबांची मुलगी" म्हणून. कोणी आजारपणाचा शब्द काढला नाही. तिच्या मनासारखं चाललं होतं.

आणि दुपारी शेतात भरीत होतं. नाशिकहून निघाल्यापासून ती याचीच वाट बघत होती. बसमध्ये तिनं मला सगळा विधी सांगितला होता. थंडीच्या दिवसांत खान्देशात शेताशेतांत भरिताची पंगत बसते, आणि भरीत बायका करत नाहीत, पुरुष करतात. लांबट, पांढरट-हिरवी वांगी, त्यांना तेलाचा हात, पऱ्हाटीच्या जाळात भाजायची, सोलायची, आणि बडगीत (लाकडी डोणीत) दांडक्यानं ठेचायची. त्याआधी हिरव्या मिरच्या भाजायच्या. "मिरच्या निखाऱ्यावर पडल्या की शेतभर ठसका उठतो," ती म्हणाली होती. "पलीकडच्या बांधावरचा माणूसही खोकतो. ठसक्यावरून कळतं, पंगत बसणार. मला घासभरच खायचं. नाही खाता आलं तरी चालेल. मला तो ठसका पाहिजे."

केळीच्या बागेला लागून विहिरीजवळ जागा साफ केली होती. नानांचे भाऊबंद, शेजारी, त्यांच्या बायका, पंधरा-वीस माणसं असतील. जाळ पेटला होता. नाना स्वतः वांगी उलटत होते, दोघं जण सोलत होते, बोटं पोळून पाण्यात बुडवत होते. रूथला खाटेवर बसवलं, अंगावर शाल घातली. धूर तिच्याकडे वळला तसा तिनं तो ओढून घेतला, डोळे बारीक करून. मग बडगीत ठेचणं सुरू झालं. धप, धप. दाणे पडले, कोथिंबीर पडली, कांद्याची पात पडली. मी तिकडे चित्रकाराच्या नजरेनं बघत होतो आणि मला वाटलं, किती निवांत माणसं आहेत ही, कोणी आरडत नाही, ओरडत नाही, खोकत नाही.

केळीची पानं मांडली. कळण्याची (उडीद-ज्वारीची) भाकरी आली. रूथच्या पानावर नानांनी स्वतः भरीत वाढलं आणि बाजूला दही. तिनं बोटाच्या टोकाएवढं उचललं, घाबरत तोंडात घातलं. मी पाण्याचा पेला पुढे केला. तिनं घेतला नाही. तिनं दुसरा घास घेतला. मग तिनं समोर बसलेल्या माणसांकडे बघितलं. सगळे खाली मान घालून जेवत होते. खान्देशातली माणसं, ज्यांना नाश्त्याला ठेचा लागतो, ती माणसं नुसत्या मिठाचं भरीत गुपचूप खात होती. कोणाच्या कपाळावर घाम नव्हता, कोणी नाक ओढत नव्हतं, कोणी मिरची मागत नव्हतं.

मला वाटलं, किती प्रेमळ लोक! माझे डोळे भरून आले. रूथनं पान बाजूला सारलं.

"नाना," ती म्हणाली, "मिरची कुठी हाये?"

नाना भाकरी मोडत राहिले. "औंदा मिरचीले चव नही, ताई."

"तुले कोनी सांगितलं?"

"सांगाले कोन पाह्यजे?" नानांचा आवाज खाली गेला. "आमाले डोये नही का? तू आली त्या राती तुही वहिनी मागच्या अंगणात रडत बसली. तू चूळ भरली त्याच्यात रगत व्हतं."

सगळ्यांचे हात थांबले. बागेत वारा सुटला होता आणि निळ्या पिशव्या फडफडत होत्या. रूथ खाटेवरून पाय खाली सोडून ताठ बसली. एवढी ताठ ती कित्येक दिवसांत बसली नव्हती.

"नाना, सुतकाच्या घरी कसं जेवन असते रे? फिकं. बिनतिखटाचं. शेजारी वाढतात, आन् समदे मान खाली घालून खातात." तिला दम लागला, ती थांबली. "मी जित्ती हाये. जितेपनी मले सुतकाचं जेवन वाढतो का?"

"ताई, तुले झोंबीन म्हनून..."

"मले झोंबीन. तुमाले कायले झोंबते?"

मग ती माझ्याकडे वळली. "आणि तुम्हीही. माझ्याबरोबर रोज दहीभात खाताय. मला वाटतं, मी एकटी मरत नाहीये, घरातल्या तवा-कढईलाही घेऊन चाललेय."

त्या पंगतीत कोणाला कुठे बघावं कळेना. नाना दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून त्यांनी तिची एकही गोष्ट मोडली नव्हती, आणि आज सगळ्या गावाला फिकं खायला लावून त्यांनी आपल्या परीनं तिचा मान राखला होता. त्यांचंही चुकलं नव्हतं, आणि तिचंही खरं होतं.

उठल्या त्या अक्का. केळीच्या पानात बांधून ठेवलेल्या मिरच्या त्यांनी कुठूनशा काढल्या, म्हणजे आणल्या होत्याच, घालायच्या नाहीत असं ठरलं होतं. पदर खोचला आणि मूठभर मिरच्या सरळ निखाऱ्यावर टाकल्या. धूर उठला. आधी अक्का खोकल्या, मग नानांचा भाऊ, मग सगळी पंगत. रूथलाही ठसका लागला, आणि तो थांबेना. मी तिला धरलं, ती माझ्या हातात काडीसारखी हलत होती, तोंडावर रुमाल, आणि मला वाटलं, झालं, इथेच. पण ती खोकता खोकता हसत होती. रुमालावर लाल डाग होता. तिनं तो घडी करून मुठीत धरला.

अक्कांनी मिरच्या आणि लसूण दगडावर ठेचून भरितात कालवलं. रूथ खाटेवर बसून बघत राहिली, पंगत वाढून झाल्यावर घरची बाई बघते तशी, कोणाला काय कमी पडतंय ते. "नाना, अजून घे. तू पाहुन्यासारखा खाऊन राह्यला." नाना खात होते. मोठे मोठे घास, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसतही नव्हते. "मस्त तिखट झालं," ते म्हणाले. "मस्त झालं, ताई." कोणी तरी रडलं तर मिरचीवर ढकलता येत होतं. बऱ्याच जणांनी ढकललं.

तिनं स्वतः फक्त दही खाल्लं, चमच्याच्या टोकानं. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथेच होतो. कोणाला कुठे जायचं नव्हतं. बायकांनी तिला जुन्या गोष्टी सांगायला लावल्या, नानांनी विहिरीतलं गार पाणी काढलं, आणि तिनं त्यात पाय बुडवले. नाताळ म्हणावा असं काही त्यात नव्हतं. ना तारा, ना गाणं. पण परतताना जीपमध्ये ती म्हणाली, "हाच पाहिजे होता." तिला मधलं भांडण धरून म्हणायचं होतं की वगळून, ते मी विचारलं नाही.

निघायच्या दिवशी अक्कांनी रूथची ओटी भरली. आम्ही ख्रिस्ती, पण ही ओटी ती लग्नानंतर प्रत्येक वेळी घेत आली आहे. तांदूळ, नारळ, खण.  स्टेशनवर नानांनी आम्हाला डब्यात बसवून दिलं. येताना बसचा हट्ट केला, पण जाताना रूथ स्वतःच म्हणाली, "आता गाडीनंच जाऊ." गाडी हलायच्या आधी नाना खिडकीच्या गजांना धरून म्हणाले, "आखाजीले घ्याले येतो." आखाजी म्हणजे खान्देशातला अक्षय्य तृतीयेचा सण. लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधतात.

"ये," रूथ म्हणाली. "घरी असले त येईन."

नानांनी मान हलवली. टोपी काढून पुन्हा घातली. गाडी सुटली तेव्हा ते हात हलवायचे विसरले आणि तसेच गज सोडलेल्या हातांनी उभे राहिले.

येताना ज्या वाटेला आम्ही दोन दिवस लावले होते, ती गाडीनं दुपारच्या आत संपवली. रूथ बहुतेक वेळ झोपली. मी खिडकीतून कपाशी, केळी, पुन्हा कपाशी बघत होतो. सावकाश प्रवास केला की दिवस मोठे होतात, असं मला निघताना वाटलं होतं. ते काही खरं नाही. दिवस तेवढेच असतात. त्यांतली थोडी जास्त माणसं, थोडं जास्त ऊन आपल्या वाट्याला येतं एवढंच, आणि ते संपताना जास्त दुखतं. तरीही मी पुन्हा तसाच गेलो असतो.

घरी आल्यापासून एक नवी शिस्त लागली आहे. संध्याकाळी ती खाटेवर उशीला टेकून बसते, तिच्यासमोर मी ताट घेऊन बसायचं. तिचा दहीभात वेगळा. माझ्या ताटात भाकरी, भाजी आणि मी स्वतः कुटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. मिरच्या भाजताना दार उघडं ठेवायचं, असा तिचा हुकूम आहे. "सावकाश खा," ती सांगते. मी सावकाश खातो. ती प्रत्येक घासाकडे बघते, आणि विचारते, "झणझणीत झालाय ना?" मी म्हणतो, झालाय.

मला कशालाच चव लागत नाही, हे मी तिला सांगितलेलं नाही.